तळे राखील तो : भातोडी ते पाथर्डी

श्रोतेहो, पाथर्डीहून नगरला एस्टीने जाताना तिसगाव मागे पडते, करंजी येते, आणि गाडी घाट चढू लागते. हा घाट फार मोठा नाही. पण गर्भगिरीची ही रांग एक मोठे काम करते. रांगेच्या उत्तरेला पडलेला पावसाचा थेंब ओढ्यानाल्यांतून गोदावरीकडे निघतो. दक्षिणेला पडलेला थेंब मेहेकरी नदीत उतरतो, तिथून सीनेत, सीनेतून भीमेत आणि पुढे कृष्णेत जातो. एकाच ढगातले दोन थेंब घाटमाथ्यावर एकमेकांचा निरोप घेतात, आणि शेकडो मैलांचा प्रवास करून पूर्वेच्या समुद्रात पुन्हा भेटतात. मधल्या मध्ये आपण कोरडे ते कोरडेच.

म्हणून या मुलखात माणसाला एकच उपाय सुचला. जाणाऱ्या पाण्याला म्हणायचे, "बाबा, घटकाभर थांब." हे म्हणण्याची रीत म्हणजे तळे. वर्षाकाठी इथे पाऊस पडणार साधारण २० ते २५ इंच, आणि तोही चार मुसळधार दिवसांत निम्मा उरकून टाकणार. असे पाणी अडवले नाही तर मातीसुद्धा बरोबर घेऊन जाते.

आज मी ज्या तळ्याची हकीकत सांगणार आहे, ते नगरच्या पूर्वेला, मेहेकरीच्या खोऱ्यात, पाथर्डीपासून काही कोसांवर आहे. गावाचे नाव भातोडी. इतिहासाच्या पुस्तकांतून ते भातवडी म्हणूनही आढळते. तळे काही फार मोठे नव्हे. पण अशा लहान तळ्याच्या बांधावर उभे राहिले की चारशे वर्षांचा हिशेब डोळ्यांपुढे मांडता येतो. पाणी कोणी अडवले, कोणी सोडले, कोणी वाहिले आणि कोणी प्याले, असा तो हिशेब आहे.

निजामशाहीपासून सुरुवात करू. मलिक अहमदाने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य स्थापले आणि १४९४ मध्ये नगर शहर वसवायला घेतले. शहर वसवणे म्हणजे आधी पाण्याची सोय करणे. नगरच्या भोवतालच्या गावांतून खापरी नळांनी पाणी शहरात आणलेले होते. भाजलेल्या मातीचे हे नळ जमिनीखालून उतार साधत चालत. त्यांचे अवशेष नगरच्या आसपास आजही दिसतात. मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दीत सलाबतखान नावाचा एक वजीर होऊन गेला. नगरजवळच्या डोंगरावर त्याची उंच कबर आहे, तिलाच लोक चुकून चांदबिबीचा महाल म्हणतात. भातोडीचे तळे या सलाबतखानाने बांधले असे मानतात. म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट झाली.

आता बघा, वजिराने तळे "बांधले" असे आपण म्हणतो. वजिराने काही पाटी उचलली नाही. त्याने हुकूम दिला, खजिना मोकळा केला, आणि तेही थोडे काम नव्हे. पण बांधावर माती टाकली ती कोणी? दगड घडवले ते कोणी? या प्रश्नाकडे मी पुन्हा येणार आहे. आधी तळे फुटले कसे ते सांगतो, कारण इतिहासाने त्याचीच नोंद नीट ठेवली आहे.

सन १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. पण निजामशाही संपली नाही. ती एका हबशी पुरुषाने आणखी पाव शतक खांद्यावर वागवली. त्याचे नाव मलिक अंबर. मूळचा आफ्रिकेतला, गुलाम म्हणून विकला गेलेला, हिंदुस्थानात आल्यावर आपल्या अकलेने आणि मनगटाने राज्याचा मुख्य कारभारी झालेला हा माणूस. जमीनमहसुलाची त्याने घातलेली घडी पुढे कित्येक पिढ्या नावाजली गेली. खडकी, म्हणजे मागाहून औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर, हे शहर त्याने १६१० मध्ये वसवले, आणि पुढच्या काही वर्षांत तिथे जमिनीखालून पाणी आणले. ती नहर-ए-अंबरी. तहानलेल्या माळावर पाणी आणणारा असा हा माणूस.

आणि याच माणसाने भातोडीचे तळे फोडले.

प्रसंग १६२४ सालचा. मोगल आणि विजापूरची आदिलशाही यांनी मलिक अंबराविरुद्ध हातमिळवणी केली होती. अंबर विजापूरच्या वेशीपर्यंत जाऊन थडकला होता, पण दोन्ही फौजा पाठीवर येताहेत हे पाहून तो माघारी फिरला आणि नगरच्या मुलखात उतरला. पाठलाग करणाऱ्या फौजेत आदिलशाहीचा मुल्ला महंमद लारी होता, मोगलांचा लष्करखान होता. अंबराच्या बाजूला मालोजी भोसल्यांचे दोघे पुत्र होते, शहाजी आणि शरीफजी. समोरची फौज भारी होती. अंबराने जागा निवडली ती भातोडीची, तळ्याच्या अंगाची.

त्याने बांध फोडला. तळ्याचे पाणी शत्रूच्या वाटेवर पसरले. वरून पाऊसही लागला. आपली काळी माती ओली झाली म्हणजे काय करते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. बैलाचा पाय रुतला तर दोघांनी धरून काढावा लागतो. तिथे तोफांचे गाडे, हत्ती, उंट आणि बाजारबुणगे यांची काय गत झाली असेल! फौजेला पुढे जाता येईना. दाणावैरण तुटली. रात्री अंबराच्या टोळ्या छापे घालून झोप उडवू लागल्या. उपाशी शिपाई एकेक करून पळू लागले. मग अंबराने निकराचा हल्ला चढवला. मुल्ला महंमद पडला, मोगलांचे सरदार पाडाव झाले. मात्र विजयाची किंमतही मोजावी लागली. शरीफजी या लढाईत कामी आले. त्यांची समाधी भातोडीच्या शिवारात दाखवतात. शहाजीराजांच्या पराक्रमाचा गाजावाजा या लढाईपासून झाला. कवींद्र परमानंदाने शिवभारतात ही लढाई वर्णिली आहे.

शाळेत आपण ही लढाई शिकवतो ती गनिमी काव्याचा नमुना म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण गुरुजींनी वर्गात आणखी एक प्रश्न विचारून बघावा. लढाई संपली, फौजा निघून गेल्या. दुसऱ्या वर्षी त्या बांधाखालच्या शेतकऱ्याने काय केले असेल? ज्या पाटाच्या भरवशावर त्याने रान भिजवायचे, तो पाट कोरडा. तळ्यात साठणारे पाणी नदीवाटे सीनेला निघून गेलेले. अंबराला शत्रू थोपवायला पाणी सोडावे लागले, त्याला मी दोष देत नाही, राज्य वाचवायचे होते. पण राज्य वाचले याची नोंद झाली, आणि रान वाळले याची झाली नाही. बांध कोणत्या साली फुटला हे आपल्याला पाठ आहे. तो कोणी कोणी, किती हातांनी बांधला, हे मात्र पाठ नाही.

पुढे इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हे मोडकळीला आलेले जुने काम सरकारने पुन्हा हाती घेतले. बांध दुरुस्त झाला, पाट निघाले. त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ या सालांत, दख्खनचा तो भयंकर दुष्काळ पडला. १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. दुष्काळात लोकांना फुकट वाढण्यापेक्षा काम द्यावे, रस्ते करावेत, खडी फोडावी, तळी खोदावीत, ही रीत त्यातून रुळली. तेव्हा पाथर्डीचा बराच भाग शेवगाव तालुक्यात मोडत असे. १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ आले, तेव्हाही अशीच कामे निघाली. आपल्या भागातल्या पुष्कळ बांधांची कुंडली अशी दुष्काळाच्या सालांची आहे.

आता त्या राहिलेल्या प्रश्नाकडे येतो. माती वाहिली कोणी?

पाथर्डी तालुक्यात मढी हे कानिफनाथांचे ठाणे आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे यात्रा भरते, आणि रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. शहरी माणसाला या बाजाराचे हसू येते. पण हसण्याआधी जरा विचार करा. यंत्रे नव्हती तेव्हा बांधावर माती चढवायला काय होते? माणसाचे डोके आणि गाढवाची पाठ, एवढेच. वडार, बेलदार, कैकाडी, कुंभार, वैदू, गोपाळ, गोसावी असे कितीतरी फिरते लोक मढीला जमत. त्यांच्यापैकी मातीवडारांनी माती खणली, गाडीवडारांनी दगड वाहिले, बेलदारांनी दगड-चुन्याचे काम केले. मढीच्या देवस्थानाच्या बांधकामातही भटक्या जमातींनी दगड-चुना वाहिला असे सांगतात, आणि गोपाळ समाजाच्या होळीला तिथे मान आहे. वर्षभर पांगलेले हे लोक मढीला येत, सोयरिकी जुळवत, पंचायतीत तंटे मिटवत, गाढवांचे सौदे करत आणि पुन्हा कामाच्या मागे निघत. एका गावचा बांध पुरा झाला की पुढचे गाव.

ज्याने बांध बांधला तो त्या गावात राहत नसे, आणि जो त्या गावात राहत असे त्याला बांधणाऱ्याचे नाव ठाऊक नसे. तळे भरायच्या आत वडाराचे पाल हललेले असे.

नंतर आले १९७२ साल. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांची साठी-सत्तरी उलटली आहे, त्यांना हे साल सांगावे लागत नाही. त्याआधीची दोन वर्षेही पावसाने ओढच दिली होती, आणि त्या साली तर आभाळ पार आटले. विहिरींचे तळ दिसले, जनावरे कवडीमोलाने गेली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. आता फक्त फिरते लोकच नव्हे, सारा गाव टिकाव-फावडे घेऊन बाहेर पडला. मराठा, वंजारी, धनगर, माळी, महार-मांग, लमाणांचे तांडे, सगळ्यांची नावे एकाच हजेरीपटावर आली. पाटलाची सून आणि तांड्यावरची बाई एकाच रांगेत पाटी पुढे देऊ लागल्या. परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी लोकांनी खाल्ली. कामावर सुकडी मिळाली. लेकरे बांधाच्या कडेला लुगड्याच्या झोळीत निजली.

या कामांतून पाझर तलाव झाले. पाझर तलाव म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्यावर उभा आहे. ओढ्याला आडवा मातीचा बांध घालायचा. आधी खाली मुरूम-खडक लागेपर्यंत चर खणायचा आणि तो चिकणमातीने ठासून भरायचा. बांधाच्या पोटात काळ्या चिकणमातीचा गाभा, बाहेरून मुरमाचे अंग, पाण्याच्या बाजूला दगडांची फरशी. जादा पाणी जायला एका कडेला सांडवा. या तळ्याला बहुधा पाट नसतो. पाणी तळातून मुरते आणि खालच्या विहिरींना लागते. आपला काळा पाषाण घट्ट, पण त्याच्यावरचा मुरूम पाणी धरतो. तळ्यात पाणी उभे राहिले की खालच्या अंगाच्या विहिरींचे पाणी चढते.

इथेच हिशेब वाकडा होतो. बांधाच्या वरच्या अंगाला ज्याची जमीन, त्याचे रान बुडते. खालच्या अंगाला ज्याची विहीर, त्याचा मळा पिकतो. आणि ज्याने बांधावर माती टाकली पण ज्याला जमीनही नाही आणि विहीरही नाही, त्याच्या वाट्याला येते फक्त त्या वेळची मजुरी. काम संपले की तेही संपले.

आपल्यात एक म्हण आहे : तळे राखील तो पाणी चाखील. ही म्हण आपण हसत वापरतो. तलाठी-कारकुनाने चार पैसे खाल्ले तर म्हणतो, "चालायचंच, तळं राखील तो पाणी चाखणारच." पण म्हणीचे शब्द जरा सरळ घेऊन बघा. त्यात न्यायाचे एक वचन आहे. राखतो त्याला पाणी मिळाले पाहिजे. आपल्या तळ्यांचा इतिहास नेमका उलटा घडला. ज्यांनी तळी बांधली आणि राखली, त्यांतले पुष्कळ जण पाणी न चाखताच गाव सोडून गेले.

कुठे गेले ते पाथर्डीकराला विचारा. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली बिऱ्हाडे निघतात. गाडीवर भांडी, कोंबडी, शेळी आणि लेकरे. कोयता हाती असलेले नवरा-बायको ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना निघाला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला. भंडारदऱ्याचे पाणी आधीच त्या खोऱ्यात पोचले होते. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण एका जिल्ह्यात एका बाजूला धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहतो, आणि दुसऱ्या बाजूचा माणूस तो तोडायला घर सोडतो, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. त्या लेकरांचे शाळेतले बाक सहा-सहा महिने रिकामे राहतात, हे शिक्षकांइतके कोणाला ठाऊक आहे?

मग हिशेब सरळ करायचा कोणी प्रयत्नच केला नाही का? केला. १९७२ च्याच दुष्काळात विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात खडी फोडणारी माणसे पाहिली, आणि पुढे नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्यांचा नियम असा की पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांच्या डोक्यांवर ठरवायचा. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क द्यायचा. आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना पुढे नेली. तिचा कायदा विधिमंडळात १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणे ही भीक नव्हे, हक्क आहे, असे महाराष्ट्राने देशात प्रथम कायद्याने म्हटले. २००५ साली साऱ्या देशाचा कायदा झाला, त्याचे मूळ इथल्या बांधावर आहे.

राखण्याची गोष्टही आपल्याच जिल्ह्यात घडली. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला पाझर तलाव होता, पण तो गळका. पाणी साठायचे आणि बांधाखालून निघून जायचे. १९७५ नंतर अण्णा हजारे गावात येऊन राहिले, तेव्हा गावाने श्रमदानाने त्याची दुरुस्ती केली, आणि खालच्या विहिरींना पाणी आले. नगर तालुक्यातल्या हिवरेबाजारला १९८९ पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने लोकांनी डोंगरउतारावर चर खणले, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असे ठरवले, आणि दरसाल पाऊस मोजून पिकांचा ताळेबंद मांडायची सवय लावली. या दोन गावांचा पाऊस पाथर्डीहून काही फार वेगळा नाही. वेगळी आहे ती राखण.

कारण तळे एकदा बांधून भागत नाही. दर पावसाळ्यात ओढा माती आणतो आणि तळाशी बारीक गाळाचा थर बसवतो. पाझर तलावाला हा गाळ दुहेरी मारतो. पाण्याची जागा खातो आणि पाझराची छिद्रेही बुजवतो. वरून तळे भरलेले दिसते आणि खालच्या विहिरी कोरड्या राहतात. बांधावर बाभूळ, बोर उगवले की मुळे पोटात शिरतात. उंदीर-घुशी बिळे करतात. सांडवा कोणी बुजवला तर एका रात्रीत पाणी बांधावरून वाहते, आणि मग मलिक अंबराची गरज लागत नाही. तळे आपले आपणच फुटते. आणि हाच गाळ शेतात टाकला तर सोन्यासारखा. २०१७ पासून सरकारने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार अशी योजना काढली आहे. पण योजनेची वाट न पाहताही उन्हाळ्यात चार ट्रॉल्या गाळ काढून नेणारा शेतकरी तळ्याची राखणच करत असतो.

श्रोतेहो, शेवटी एक विनंती, विशेषतः शिक्षकांना. तुमच्या गावालगत एखादा पाझर तलाव, गावतळे, निदान एखादा जुना बांध असेलच. येत्या शनिवारी मुलांना तिथे न्या. कोणाच्या रानात बांध उभा राहिला, कोणाचे रान बुडाले, त्या कामावर कोण कोण होते, हे घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा. कोणाची आजी सांगेल, "मी त्या बांधावर पाट्या टाकल्यात, तुझा बाप तिथंच झोळीत निजला होता." ते एका वहीत लिहून ठेवा. सांडवा मोकळा आहे का, गाळ किती बसला, तेही दरसाल लिहा. मोठ्या इतिहासकाराला हे काम जमणार नाही. त्याला तुमचे गाव ठाऊक नाही.

भातोडीचा बांध फुटला ते साल पुस्तकात आहे, ते तिथेच राहील. आपल्या बांधांवर ज्यांनी माती टाकली त्यांची नावे मात्र म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत, आणि ती माणसे दरसाल कमी होत आहेत. त्यांच्याकडून ती आताच लिहून घ्या. आणि गावात पाण्याचा वाटा ठरवायची वेळ आली, ग्रामसभेत बोलणे निघाले, की ती वही पुढे ठेवा. म्हणा, ही माणसे तळे राखणारी आहेत. आता म्हणीचा दुसरा अर्धा भाग गावाने पुरा करायचा आहे.